गाडीचे काळे तेल आणि आपली प्रमादचर्या



गाडीचे इंजिन ऑइल घरी बदलावे का, हा प्रश्न श्रावकाच्या घरात कुठे येतो, असे काहींना वाटेल. माझ्या मते तो येतो आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. निघालेले काळे तेल योग्य ठिकाणी पोचेपर्यंत सांभाळायची तयारी असेल, तरच बदलावे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. स्वतः ऑइल बदलणे ही इथल्या पुष्कळांची सुट्टीच्या दिवसाची हौस. माझ्या मुलाकडे माझदाची एमएक्स-५ ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार आहे. ती इतकी ठेंगणी की खाली शिरायचे तर आधी पुढची चाके रॅम्पवर चढवायची आणि मागच्या चाकांना ठोकळे लावायचे. इंजिन थोडे गरम असले की तेल पातळ होऊन नीट उतरते. जुना फिल्टर काढायचा, नव्याच्या रबराला तेलाचे बोट लावायचे, खालच्या नटाला नवा वॉशर घालायचा, नवे तेल ओतून डिपस्टिकने पातळी बघायची. कोणत्या ग्रेडचे तेल चांगले यावर मुले तासन्‌तास बोलतात. ट्रेमध्ये जमलेल्या चार लिटरहून जास्त काळ्या तेलाबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

आपण पाणी गाळतो आणि गाळण्यावरची जीवाणी जिथले पाणी तिथेच हलक्या हाताने सोडतो. मुनींसाठी तर टाकाऊ ते कुठे टाकावे याचीच एक समिती आहे, उत्सर्ग समिती. आणि आपल्यासारख्या गृहस्थांसाठी समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत प्रमादचर्या येते: गरज नसताना, निष्काळजीपणे माती, पाणी, वनस्पती यांना दुखावणे. काळे तेल गटारात ओतणे ही प्रमादचर्या नाही तर काय? एका वेळचे तेल १० लाख गॅलन पाणी खराब करू शकते, असे अमेरिकेचे पर्यावरण खाते सांगते. इथल्या रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराचे पाणी बहुतेक ठिकाणी शुद्ध न होताच ओढ्याला मिळते. त्या ओढ्यातल्या जीवांची गणती कोण करणार?

काही जण म्हणतील, जैनाच्या घरात स्पोर्ट्स कार हवीच कशाला? परिग्रहाचे परिमाण ज्याचे त्याने ठरवावे. पण साध्या गाडीतूनही तेच काळे तेल निघते. दुसरे म्हणतील, गावाकडे तर जळके ऑइल वाया जात नाही, दाराच्या चौकटीला, कुंपणाच्या खांबांना लावतात. लावतात कशासाठी? वाळवी मरावी म्हणून. त्याला काटकसर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

करायचे ते फार अवघड नाही. तेल झाकणाच्या कोरड्या कॅनमध्ये भरावे. त्यात पेट्रोल किंवा कूलंट मिसळू देऊ नये, नाहीतर ते पुन्हा शुद्ध करता येत नाही. फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्यावा. इथे गाड्यांच्या सुट्या भागांची पुष्कळ दुकाने जुने तेल फुकट घेतात. भारतात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, म्हणून ते अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांकडे पाठवणाऱ्या वर्कशॉपलाच द्यावे. ही सोय जवळ नसेल, तर गाडीच अशा वर्कशॉपमध्ये न्यावी. त्यात कमीपणा नाही.

तरीही जमत असेल त्याने घरी बदलावे, असे मला वाटते. वर्कशॉपमध्ये फक्त बिल दिसते. घरी आपल्या फिरण्यातून किती मळ निघतो, ते डोळ्यांना दिसते. आणि तेल संपत नसते, ते मळते. मळ काढला की ते पुन्हा इंजिनात घालण्याजोगे होते. जीव आणि कर्ममळ यांच्याविषयी रोज ऐकणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. ते तेल शुद्ध होईल अशा हाती पोचवणे, एवढे तर आपल्याला जमलेच पाहिजे.