विद्या शहरांत, पाणी ओढ्यांत

आम्ही ज्या गांवीं शिकवितों तेथील शाळेच्या ओट्यावर गेल्या पावसाळ्यापासून एक रंगीत कागद चिकटविलेला आहे. एका कृषि महाविद्यालयाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठीं आले होते. हल्लीं त्यांस कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. कागदावर बंदिस्त वाफ्यांचें चित्र असून पावसाचें पाणी शेतांतच कसें मुरवावें हें लिहिलें आहे. मुलें गुणी होतीं. त्यांनीं हापशाजवळ शोषखड्डा खणला, शाळेंत झाडें लावलीं, हात मळवून घेण्यास तीं लाजलीं नाहींत. मात्र वाफ्यांचें प्रात्यक्षिक त्यांनीं जेथें करून दाखविलें ती जमीन कॅनॉलखालची असून तेथें बारमाही ऊस असतो. उसाच्या कडेचा एक रिकामा तुकडा निवडला, वाफे पाडले, फोटो निघाले. कोरडवाहू रानांत कां गेलां नाहीं, असें विचारतां एक मुलगा प्रांजळपणें म्हणाला, "गुरुजी, गाडी इथपर्यंतच येते."

त्या मुलाचा आम्हांस राग आला नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील पाण्याच्या विद्येची सारी हकीकतच त्या एका वाक्यांत आहे.

सोलापुरांत ही विद्या नवी नाहीं. 1933 सालीं येथें कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र निघालें. आज तें राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे. कोरडवाहू शेतीवर ना. वि. कानिटकर यांनीं लिहिलेला मोठा ग्रंथ 1944 सालीं छापला गेला, तो इंग्रजींत. ज्याच्या रानांतील ढेकळांची ती चिकित्सा, त्यास तो वाचतां येत नव्हता. मोहोळच्या केंद्रांत निवडलेली मालदांडी 35-1 ज्वारी मात्र घरोघर पोंचली, कारण बियाण्यास लिपी लागत नाहीं. तें पदरांत बांधून नेतां येतें. पाणी मुरविण्याची रीत पदरांत बांधतां येत नाहीं. ती कोणीतरी बांधावर उभें राहून दाखवावी लागते.

ती रीत फार अवघड आहे असेंही नाहीं. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस सरासरीनें सुमारें 550 मिलिमीटर, आणि रब्बीची सारी भिस्त सप्टेंबरच्या पावसावर. रब्बीचें रान जूनपासून तोंपर्यंत उघडें पडून असतें. आभाळ फुटलें म्हणजे तासाभरांत जें पाणी येतें तें माती घेऊन ओढ्यास मिळतें. नुसत्या बांधानें हें थांबत नाहीं. भारी काळ्या रानांत तर बांधापाशीं पाणी तुंबून बांधच फुटतो. म्हणून जुलैंत रानभर 10-10 मीटरांचे चौकोनी वाफे पाडावयाचे, म्हणजे पाऊस जेथें पडेल तेथेंच थांबेल. सप्टेंबरच्या मध्यापासून ज्वारी पेरावयाची, आणि पुढें कोळपणी चुकवावयाची नाहीं. भेगा बुजल्या पाहिजेत, नाहींतर मुरविलेली ओल त्यांवाटे उडून जाते. आम्ही हें वर्गांत गणित म्हणून घालतों. एका एकरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? उत्तर 40,000 लिटर येतें. त्याचा चौथा हिस्सा वाहून गेला तरी एकरामागें 10,000 लिटरांचा एक टँकर गेला. उन्हाळ्यांत टँकर गांवांत आला म्हणजे कशी झुंबड उडते हें मुलांनीं पाहिलेलें असतें. उत्तर लिहून झाल्यावर वर्ग क्षणभर गप्प होतो.

त्या प्रात्यक्षिकाच्या वेळीं मागें उभ्या असलेल्या एका बाईनें विचारलें, "आमचं रान मुरमाड हाय, वीतभर माती. तिथं ह्याचा काय उपेग?" सबंध सभेंत खरा प्रश्न काय तो हा एकच. आणि विद्यापीठापाशीं त्याचें उत्तर आहे! हलक्या रानास फुले अनुराधा किंवा फुले माऊली, भारी रानास फुले वसुधा, असे जमिनीच्या खोलीवरून वाण ठरवून दिलेले आहेत. परंतु तें सांगण्यास कोणास सवड झाली नाहीं. आभारप्रदर्शन सुरू झालें होतें. ठिबकाच्या अनुदानाचीं पत्रकें मात्र सर्वांस वांटलीं. पाण्याची स्वतःची सोय असल्याखेरीज तें अनुदान मिळत नाहीं, मग त्या बाईनें तें पत्रक कशास घ्यावें? ज्याच्याजवळ पाणी आहे त्यास तें वांचविण्यासाठीं पैसा, आणि ज्याच्याजवळ नाहीं त्यास व्याख्यान, असा हा व्यवहार आहे.

जोतीरावांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' मध्यें सरकारास सुचविलें होतें कीं, पलटणींतले शिपाई व पोलीस यांजकडून जागोजाग असे बांध घालवून घ्यावे कीं पावसाचें पाणी आधीं शेतांत मुरून मग नाल्यास मिळेल. त्यांचें नांव राहुरीच्या विद्यापीठास आहे. सोलापूरचें विद्यापीठ 2004 सालीं निघालें. 2019 पासून त्यास अहिल्यादेवींचें नांव आहे, ज्यांनीं देशभर विहिरी आणि बारवा बांधविल्या. हीं नांवें दिलीं गेलीं तेव्हां आम्हींही टाळ्या वाजविल्या. म्हणूनच हिशेब विचारण्याचा अधिकार आमचा आहे.

आतां थोडें घरचें. आम्ही शिकवितों खेड्यांत, पण आमच्यासारखे पुष्कळ मास्तर राहतात जुळे सोलापुरांत, विजापूर रस्त्याच्या अंगास. येथील नळास वर्षानुवर्षें चार-चार, पांच-पांच दिवसांआड पाणी येत आलें. उजनीचें पाणी सुमारें 100 किलोमीटरांवरून आणावयाचें. तरी बंगल्यापुढें हिरवळ पाहिजेच. 100 चौरस मीटर हिरवळीस रोज 5 मिलिमीटर पाणी दिलें तरी 500 लिटर होतें. उलट 1,000 चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाकांठीं 50,000 लिटर पाऊस पडतो, तो गटारांत जातो. शेतकऱ्यास पाणी जिरवा म्हणून सांगणाऱ्या आमच्यापैकीं किती जणांच्या गच्चीचा नळ जमिनींत उतरला आहे? आमचा स्वतःचा उतरला नव्हता. एका सातवींतल्या मुलीनें विचारलें, तेव्हां खाली मान घालून उतरविला. विद्यापीठांनीं हा पाठ देण्यास शहरांतही यावें. हिरवळीऐवजीं लिंब, बहावा, आपटा यांनीं अंगण कसें सजतें हें दाखवावें. येथें गाडीची अडचण नाहीं.

खेड्यापुरतें आमचें मागणें लहान आहे. कृषिदूत पावसाळ्यांत येतात, वाफे पाडण्याचा हंगामही तोच. तेव्हां प्रात्यक्षिक कोरडवाहू रानांत व्हावें, आणि एक मुरमाडांत, एक भारींत, असें दोन ठिकाणीं व्हावें. दिवसा रोजगार बुडतो म्हणून बाया व सालगडी येत नाहींत. सभा संध्याकाळीं घ्यावी. आणि ज्वारी काढतेवेळीं कोणीतरी परत येऊन वाफ्याच्या व बिनवाफ्याच्या रानांतलें धान्य लोकांसमोर तोलावें. हें शेवटचें काम आजवर कोणी केलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. शेजाऱ्याच्या खळ्यांतलें वजन पाहिल्याशिवाय आमचा शेतकरी विश्वास ठेवीत नाहीं, व त्यांत त्याचें कांहीं चुकतें असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या शाळेच्या गांवीं चौघा पालकांनीं रान देऊं केलें आहे. त्यांत ती मुरमाड रानाची बाईही आहे. गाडी थांबते तेथून दीड किलोमीटर चालावें लागतें व मध्यें ओढा आहे. जुलैच्या आधीं कळविलें तर ओढ्यापाशीं बैलगाडी उभी राहील.