मौनाची बाजारपेठ

विक्रेत्याला मालाची पारख असून ग्राहकाला ती नसेल, तर बाजारात निकृष्ट मालाचे फावते, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. रजोनिवृत्त स्त्रियांसाठी विकल्या जाणाऱ्या ‘प्रोबायोटिक’ गोळ्यांच्या बाजारात तर ग्राहकाच्या अज्ञानाला लज्जेचीही जोड मिळते.

या गोळ्यांमागील मूळ शास्त्र खोटे नाही. योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलस जिवाणू तेथील आम्लता राखून रोगजंतूंना अटकाव करतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते आणि हे जिवाणू रोडावतात. परिणामी समागम वेदनामय होतो, मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार जडतो. परंतु मूळ उणीव इस्ट्रोजेनची असता केवळ जिवाणू पुरवून हा त्रास हटेल, असे मानण्यास पुरेसा पुरावा नाही. उलट, योनिमार्गात लावावयाचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन मलम गुणकारी ठरले आहे. अर्थात, ते वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावयास हवे. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांनी तर विशेषच.

मग गोळ्याच का खपतात? त्यांच्यासाठी कोणापाशी तोंड उघडावे लागत नाही म्हणून! शिवाय, पूरक आहार म्हणून विकावयाच्या वस्तूला नव्या औषधाप्रमाणे आधी गुण सिद्ध करावा लागत नाही.

आपल्या स्त्री-आरोग्याच्या योजना प्रामुख्याने मातृत्वाभोवती फिरतात. पन्नाशीच्या स्त्रीला आरोग्य केंद्रात हा प्रश्न आपणहून विचारला गेला पाहिजे. तोवर तिच्या मौनाची किंमत बाजारच ठरवील, आणि ती तिलाच मोजावी लागेल.