फॉरमॅट मारण्यापूर्वी



औषधी द्रव्यांचे वाढते भाव, बाजारातील भेसळ आणि दिवसेंदिवस वाढणारा कागदपत्रांचा व्याप या विषयांवर आपल्या बैठकांतून जितक्या तळमळीने चर्चा होते, तितकी दवाखान्याच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली बसलेल्या संगणकाविषयी कधी होताना दिसत नाही. तो बंद पडला की मात्र सारेच अडते. औषधालयाच्या गल्ल्यावरील मुलगा हातावर हात धरून बसतो, आणि आपण ज्याला त्याला ‘एखादा चांगला संगणकवाला माहीत आहे का’ असे विचारीत सुटतो. प्रस्तुत लेख अशाच एका प्रसंगातून सुचला आहे. विषय रूक्ष वाटेल, परंतु त्यात आमचे अकरा दिवस आणि बरीच मनःशांती खर्ची पडली आहे.

आमच्या औषधालयातील संगणक २००९ साली घेतलेला. त्यावर विंडोज एक्सपी. मालाची नोंद, जुन्या रुग्णांची पत्रके आणि चूर्णे, आसवे, तैले यांच्या बाटल्यांवरील मराठी लेबले असे त्याचे काम होते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाल्यावर बिलांसाठी आम्ही दुसरे यंत्र घेतले. जुने मात्र काढले नाही. ठोकळा आवाज करणारा आमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ज्या रुंद पोर्टला जोडला जातो तो नव्या यंत्राला नाही, आणि मराठी अक्षरांच्या प्रणालीचे कुलूपही त्याच पोर्टावर बसते. आपल्यापैकी अनेकांकडे असे एखादे यंत्र असेलच.

२०१९ च्या आषाढात आमच्या भागातील वीज दोन दिवस नव्हती. तिसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तेव्हा त्याने तारीख चुकली आहे असे सांगून एफ-१ कळ दाबण्यास सांगितले. मुलाने ती दाबली. क्षणभर विंडोजचे चिन्ह दिसले आणि लगेच पांढऱ्या अक्षरांचा निळा पडदा आला. कितीही वेळा चालू-बंद केले तरी तोच निळा पडदा. संगणकवाला आला, त्याने दोन मिनिटे पाहिले आणि निर्णय दिला, “डिस्क करप्ट झाली, डॉक्टरसाहेब. फॉरमॅट मारावा लागेल.” पंधरा दिवसांपूर्वीपर्यंतच्या फायली पेन ड्राइव्हवर होत्या. म्हणून आम्ही होकार दिला.

सायंकाळी यंत्र पुन्हा सुरू झाले. फायलीही परत आल्या. परंतु लेबलाची फाईल उघडली तर ‘च्यवनप्राश’ या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा गुंता. जुने मराठी फाँट हे युनिकोड नव्हेत. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकृती बसवून ते चालतात, आणि फाँट नसला की आतील इंग्रजी उघडे पडते. फाँटची तबकडी सापडली, पण कुलूप ओळखणारा ड्रायव्हर त्या तबकडीवर नव्हता. प्रिंटरचा ड्रायव्हर मिळाला तर लेबलाच्या कागदाचे माप हरवलेले. पूर्वी कोणीतरी ते मोजून बसवले होते, त्याची नोंद कोठेच नव्हती. अकराव्या दिवशी लेबल सरळ छापले गेले. तोपर्यंत बाटल्यांवर हाताने चिठ्ठ्या लिहून डकवल्या.

खरा चटका पुढे बसला. काही महिन्यांनी एका जाणकार स्नेह्यांना हा प्रसंग सांगितला. त्यांनी प्रथम एकच प्रश्न विचारला, “तारीख चुकली होती ना?” मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. सीआर २०३२ असा तिचा क्रमांक, तीन व्होल्टची, घड्याळाच्या दुकानात सहज मिळणारी. वीज नसताना संगणकाचे घड्याळ आणि ‘बायॉस’ची सेटिंग तिच्यावर टिकतात. ती क्षीण झाली आणि यंत्र दोन दिवस विजेवाचून राहिले, त्याबरोबर बायॉस कारखान्यातल्या मूळ स्थितीला गेला. आमच्या यंत्रात डिस्कशी बोलण्याची पद्धत ‘आयडीई’ ठेवलेली होती, तर कारखान्याची मूळ पद्धत होती ‘एएचसीआय’. एक्सपी ज्या पद्धतीवर बसवली गेली ती बदलली की तिला स्वतःची डिस्कच सापडत नाही. मग ७बी या क्रमांकाचा निळा पडदा येतो. डिस्कला काहीही झालेले नव्हते. नव्याने विंडोज घालता यावी म्हणून त्या गृहस्थाने बायॉसमध्ये जाऊन जी एक ओळ बदलली, तीच त्याने आल्या आल्या बदलली असती तर सारे काही जसेच्या तसे परत आले असते.

निदानापूर्वीच शोधन! रुग्णाचे बल, काल, प्रकृती न पाहता आल्या-गेल्याला विरेचन देणाऱ्यास आपण वैद्य म्हणणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण ते मुकाट्याने मान्य करतो, पैसेही देतो. यात त्या तरुणाला सर्वस्वी दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. दिवसाला आठ ठिकाणी धावणाऱ्या माणसाला कारण शोधण्यापेक्षा फॉरमॅट सोपा पडतो. दोष आमचाही होता. यंत्राच्या प्रकृतीची नोंद आम्ही ठेवली असती तर ती त्याच्यापुढे टाकता आली असती.

‘बॅकअप घेतो’ असे म्हणणारे बहुतेक सभासद फायलींची प्रत काढतात. ते आवश्यकच आहे. प्राप्तिकराच्या १९६२ च्या नियमांतील सहाव्या नियमाच्या ‘एफ’ पोटनियमाने वैद्य-हकिमांसह सर्व चिकित्सकांना रोजच्या रुग्णांची नोंदवही विहित नमुन्यात ठेवण्यास आणि हिशेबाची कागदपत्रे संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षे जपण्यास सांगितले होते, हे आपण जाणताच. परंतु फायली म्हणजे यंत्रातील संचित. कोणत्या पोर्टवर कोणता प्रिंटर, कागदाचे माप, फाँट, ड्रायव्हर, परवान्याचे क्रमांक, दोन यंत्रे जोडणारे पत्ते ही त्याची प्रकृती. विंडोज यातील बहुतेक गोष्टी ‘रजिस्ट्री’ नावाच्या अंतर्गत वहीत लिहिते. पेन ड्राइव्हवर ‘माय डॉक्युमेंट्स’ ओढून टाकल्याने ती वही येत नाही.

ही वही जपण्याची सोय विंडोजमध्ये फार पूर्वीपासून आहे. विंडोज ९८ दिवसातून एकदा सुरू होताना तिची प्रत काढी आणि अशा शेवटच्या पाच प्रती ठेवी. डॉसमध्ये जाऊन एक आज्ञा दिली की कालची वही परत मिळे. (ज्येष्ठ सभासदांना ते काळे पडदे आठवत असतील.) एक्सपीत ‘सिस्टिम रिस्टोअर’ आले. स्टार्ट, प्रोग्रॅम्स, ॲक्सेसरीज, सिस्टिम टूल्स या मार्गाने गेल्यास ते सापडते. नवा प्रिंटर, नवा ड्रायव्हर किंवा नवी प्रणाली घालण्याआधी तेथे एक ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा. स्नेहन-स्वेदनाविना शोधन करू नये, तसेच हे पूर्वकर्म. विंडोज ७ मध्ये हीच सोय कंट्रोल पॅनेलमधील ‘सिस्टिम’च्या आत ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ या नावाने आहे. विंडोज १० मध्ये ती अनेक यंत्रांवर बंदच असते, म्हणून आधी ती चालू आहे का हे पाहावे.

रिस्टोअर केल्याने रुग्णांच्या फायली जातील अशी एक भीती आम्ही वारंवार ऐकतो. ती निराधार आहे. ही सोय रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि प्रणालीच्या फायली मागे नेते. आपण लिहिलेल्या पत्रांना ती हात लावत नाही. त्या तारखेनंतर घातलेले कार्यक्रम मात्र पुन्हा घालावे लागू शकतात. परिणाम न आवडल्यास केलेले रिस्टोअर उलटवताही येते. फक्त विंडोज ७ मध्ये सेफ मोडमधून केलेले उलटवता येत नाही, तेवढे ध्यानात असू द्यावे.

परंतु येथेच एक गैरसमज घर करून बसतो. रिस्टोअर पॉइंट त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही गेला. एक्सपीत तो साधारण नव्वद दिवसांहून अधिक टिकत नाही, जागा कमी पडली तर त्याआधीच पुसला जातो, आणि विषाणू काढण्यासाठी कोणी सिस्टिम रिस्टोअर बंद केले तर सारे पॉइंट एकदम नाहीसे होतात. विंडोज ७ दर दहा दिवसांनी रजिस्ट्रीची प्रत ‘रेगबॅक’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवी. विंडोज १० च्या २०१८ मधील आवृत्तीपासून ही प्रत आपोआप निघणे थांबले, फोल्डर तेवढे उरले. लेबल लावलेली रिकामी बरणीच ती. तेव्हा यंत्राबाहेर दुसरी प्रत हवीच. एक्सपीत ‘बॅकअप’ नावाचा कार्यक्रम ‘सिस्टिम स्टेट’ची प्रत काढतो. होम आवृत्तीत तो मूळ तबकडीवरून वेगळा घालावा लागतो, आणि विस्टापासून तो विंडोजबरोबर येत नाही. विंडोज ७ असल्यास ‘बॅकअप अँड रिस्टोअर’मधून बाहेरच्या डिस्कवर पूर्ण ‘सिस्टिम इमेज’ काढावी, आणि त्याच ठिकाणी दुरुस्तीची तबकडीही करून घ्यावी. यंत्र सुरूच होत नसेल तर इमेज परत घालण्यासाठी ती तबकडी लागू शकते.

इमेज परत घालताना सावध राहावे. ती प्रणालीबरोबर त्या डिस्कवरील सर्वच काही त्या दिवसाच्या स्थितीला नेते. आजच्या फायलींची प्रत आधी काढली नाही तर मधल्या काळातील नोंदी गमावल्या. शिवाय कराचे दर! औषधांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला. त्यापूर्वीची इमेज घातलेल्या यंत्राने दुसऱ्या दिवशी गुपचूप बारा टक्क्यांची बिले काढली तर ग्राहक आणि हिशेबनीस दोघेही आपल्यालाच जाब विचारतील. इमेज घातल्यावर पहिले बिल हाताने ताडून पाहावे. शोधनानंतर रुग्णाला पेयेपासून क्रमाक्रमाने नेहमीच्या आहारावर आणतो, तसेच येथेही एकदम सारे सुरू करू नये. आधी तारीख, मग प्रिंटर, मग दर, आणि शेवटी गल्ला.

तारखेचा मुद्दा आम्ही मुद्दाम पुन्हा काढतो. बॅटरी गेलेले यंत्र कित्येक वर्षे मागची तारीख दाखवू लागते. मुलाने एफ-१ दाबून काम चालू ठेवले, तर मुदत संपत आलेल्या औषधांची सूचना देणारी प्रणाली शांत बसते, कारण तिच्या दृष्टीने सारे औषध ताजेच असते. लेबलावर निर्मितीचा महिना यंत्राच्या घड्याळातून येत असेल तर तोही चुकतो. औषधालयाच्या मालकांना यातील गांभीर्य सांगण्याची आवश्यकता नाही. तीन-चार वर्षांतून एकदा ती बॅटरी स्वतःहून बदलावी, आणि बदलण्याआधी बायॉसच्या प्रत्येक पानाचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. इतका स्वस्त बॅकअप दुसरा नाही.

काही सभासद म्हणतील, हा सारा खटाटोप कशाला, नवे यंत्र घ्यावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी ते अवश्य घ्यावे. एक्सपीच्या सुरक्षेची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर संगणकांवरील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा दुरुस्ती न केलेली यंत्रेच तिच्या तावडीत सापडली. म्हणून जुने यंत्र इंटरनेटला जोडू नये, आणि प्रतीची डिस्कही काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होते. परंतु यंत्र जुने आहे एवढ्यासाठी ते टाकाऊ, हे आम्हांस पटत नाही. वीस वर्षांचा खल आपण टाकून देत नाही. आणि नव्या यंत्रावर जायचे असले तरी जुन्याची नोंद हवीच. एका यंत्राची रजिस्ट्री दुसऱ्याला लावता येत नाही, मदरबोर्ड वेगळा असेल तर जुनी इमेज बहुधा सुरूही होत नाही. जुन्यावर काय काय होते हे ठाऊक असेल तरच नव्यावर ते बसवता येते. प्रिंटरचे जुने ड्रायव्हर कंपन्या कालांतराने काढून टाकतात, ते आजच उतरवून ठेवलेले बरे.

आमच्या गल्ल्यामागे आता एक शंभर पानी वही टांगलेली आहे. तीत बायॉसची तारीख व डिस्कची पद्धत, प्रिंटरचा पोर्ट, लेबलाच्या कागदाचे माप मिलिमीटरमध्ये, परवान्यांचे क्रमांक, फाँटची नावे आणि प्रत्येक बदलाची तारीख लिहिलेली आहे. पासवर्ड तीत नाहीत, ते घरी असतात. यंत्राला हात लावण्याआधी येणाऱ्याने ती वाचायची आणि काय केले ते लिहून सही करायची, असा आमचा आग्रह आहे. पहिल्यांदा तो तरुण हसला. दुसऱ्या खेपेस त्याने स्वतःहून वही मागितली.

संघटनेकडे आमची एक मागणी आहे. प्रत्येक शाखेने वर्षातून एका बैठकीत अर्धा तास या कामाला द्यावा, आणि तो भाषणात घालवू नये. एखादा जुना संगणक आणि एक सुटी डिस्क आणून, सभासदांच्या समोर इमेज काढावी आणि ती त्या सुट्या डिस्कवर परत घालून दाखवावी. प्रत काढणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ती परत घालून पाहिलेले किती, हा प्रश्न मागच्या बैठकीत आम्ही विचारला तेव्हा सभागृहात दोन हात वर झाले. त्यांतला एक आमचा होता, आणि तोही अकरा दिवसांच्या त्या अनुभवानंतरचा.