दारूचा ठपका आणि दारूचा इलाज

शेतकरी का मेला, असा प्रश्न आला की सरकारदरबारी एक उत्तर तयार असते: तो दारू पीत होता. पंचनाम्यात एवढा शेरा पडला की भाव, कर्ज, कोरडवाहू शेतीचा तोटा, सगळे प्रश्न मिटले! हा हिशेब आम्हाला मान्य नाही. गळ्यात माळ असलेला शेतकरीही कर्जात आहे. ज्याने जन्मात बाटलीला हात लावला नाही, त्याच्याही सातबाऱ्यावर बोजा आहे. कापसाचा उत्पादन खर्च का भरून निघत नाही, याचे उत्तर गुत्त्यात सापडणार नाही.

पण दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. भावाची लढाई उद्या जिंकली, तरी ज्या घरात दारू शिरली आहे तिथला वाढीव चुकारा गुत्त्याच्याच वाटेने जाईल. म्हणून संघटनेच्या बैठकीत भावाइतक्याच स्पष्टपणे दारूबद्दल बोलले पाहिजे. उपदेश म्हणून नव्हे, रोगाबद्दल बोलावे तसे.

बोंडअळीला आपण शिव्या देत बसत नाही. ती कशी वाढते ते पाहतो, मग उपाय करतो. इथेही तसेच पाहू. दिवसभर राबून अंग दुखते, देण्याच्या काळजीने झोप लागत नाही, म्हणून थोडी घेतली जाते. मेंदूला तिची सवय होते. मग तेवढ्याने भागत नाही, माप वाढते. पुढे सकाळी हात थरथरतात आणि ती थरथर थांबवण्यासाठीच प्यावी लागते. मौज तोवर कधीच संपलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत दारूचे हे अवलंबित्व आजार म्हणून नोंदलेले आहे. मारून, हिणवून, शपथा घालून आजार बरा होत नाही.

घरची माणसे टेकीला येऊन दोन उपाय करतात. दोन्ही धोक्याचे आहेत. पहिला, खोलीत कोंडून दारू एकदम तोडणे. रोज भरपूर पिणाऱ्याला अशा वेळी दोन-तीन दिवसांत घाम सुटतो, झटके येऊ शकतात, नसलेले दिसू लागते. ही बाहेरची बाधा नव्हे, जिवावरचे दुखणे आहे. त्याला दवाखान्यात न्या. दुसरा, न सांगता चहात-भाजीत पावडर कालवणे. त्या पुडीत काय आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही. डायसल्फिराम नावाचे औषध अंगात असताना दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि पिणाऱ्याला सांगूनच द्यायचे असते.

उपचारानंतर खरी परीक्षा सुरू होते. तेव्हा सोबत लागते. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दारूत बुडालेले दोघे एकमेकांना सांभाळू लागले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. तिच्या सभेला फी नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. तिथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्या माणसाला हात देतात. आपल्याकडे माळ घालून अनेकांची सुटली. ती काय नुसत्या शपथेने? भजन, एकादशी, वारी आणि माळकऱ्यांची संगत पाठीशी होती म्हणून.

मधेच कोणी घसरला तर सगळे वाया गेले असे समजू नका. पेरणी उलटली म्हणून आपण शेत सोडत नाही, दुबार पेरतो.

चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली, २०२१ साली उठली. बंदी असो वा नसो, ज्याला लागली आहे त्याला इलाज लागतोच. दारूवरच्या करातून सरकार दरवर्षी हजारो कोटी रुपये गोळा करते. मग तालुक्याच्या रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा आणि औषधे का नसावीत? ही आमची भीक नाही, मागणी आहे.

सरकार जागे होईपर्यंत गावाने थांबू नये. दारू सोडलेल्याला पोळ्याला किंवा लग्नात 'घे थोडी' म्हणणाऱ्याला तिथेच अडवा. बाजाराच्या आणि चुकाऱ्याच्या दिवशी त्याच्यासोबत कोणीतरी असावे. त्याची तयारी असेल तर चुकारा नवरा-बायकोच्या जोडखात्यावर घ्या. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. मन फार खचले असेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

आणि मायबहिणींनो, त्याची दारू हा तुमचा दोष नाही. मार मुकाट्याने सोसू नका, बैठकीत सांगा.

जिल्हा रुग्णालयापर्यंत पेशंटसोबत जातील आणि परतल्यावर वर्षभर त्याच्या घरी चक्कर टाकतील, अशी दोन माणसे प्रत्येक गावात हवीत. आजची बैठक उठण्यापूर्वी प्रत्येक गावाने ती दोन नावे लिहून द्यावीत.