दहा झाली की थांब!

परवा पुण्याहून आईचा फोन आला, तेव्हा मी कांद्याची सालं पिशवीत भरत होते.

"सालं कसली जपतेस गं?"

"अंडी रंगवायला."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बाई गं! तिकडे जाऊन काय काय शिकलीस!"

खरंच आहे. न्यू जर्सीत येऊन आम्हाला बारा वर्षं झाली. गणपती-दिवाळी हट्टानं करतोच. पण मुलं शाळेत जायला लागली आणि ईस्टरची अंडी शोधायचा खेळही घरात आला. आधी मनात धाकधूक होती. दुसऱ्यांच्या सणातली नुसती चॉकलेटंच उचलायची का? माझी एक मैत्रीण मूळची वसईची, ख्रिस्ती. तिला विचारलं तर हसली. म्हणाली, "आमच्याकडे शनिवारी रात्रीची मिस्सा असायची. अंडी शोधणं मीही इथंच पाहिलं. खुशाल कर, पण मुलांना अंडं कशाचं ते सांग."

मग मीच आधी समजून घेतलं. बंद कवच म्हणजे येशूची कबर, आणि त्यातून बाहेर येणारा जीव म्हणजे त्याचं पुनरुत्थान. शिवाय पूर्वी ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या थोड्याच उपास पाळतात? अंडी साठायची आणि सणाला रंगवून वाटली जायची. अंडी आणणारा ससा मात्र जर्मनांचा. पेनसिल्व्हेनियात वसलेल्या जर्मन कुटुंबांबरोबर तो अमेरिकेत आला. व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर तर १८७८ पासून ईस्टरच्या सोमवारी मुलं अंडी घरंगळवत आली आहेत.

तर, पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहानं आठ मुलं बोलावली. साठ प्लास्टिकची आणि डझनभर उकडलेली अंडी घरात-परसात लपवली. 'सुरू!' म्हटल्याबरोबर मोठी मुलं जी सुटली, ती सात मिनिटांत खेळ खलास! माझ्या लेकाच्या टोपलीत तेवीस अंडी. मी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. पायरीवर एका मैत्रिणीची तीन वर्षांची लेक बसली होती. टोपलीत एकच अंडं. रडत नव्हती, नुसती इतरांच्या टोपल्यांकडे बघत होती. तिची आई 'उशीर होतोय' म्हणून जेवायच्या आधीच निघाली.

रात्री आईला फोनवर कौतुकानं सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "हळदीकुंकवाला एकीला तेवीस वाणं देऊन दुसरीला रिकाम्या हातानं पाठवशील का?"

त्या रात्री झोप लागली नाही. जास्त ओढायला लेकाला कोणी शिकवलं? टाळ्या वाजवणारी मीच की! सकाळी उठून मैत्रिणीला फोन केला, माफी मागितली. (आणि तीन आठवड्यांनी सोफ्यामागून असा काही वास सुटला, की लपवलेल्या उकडलेल्या अंड्यांची यादी ठेवायची असते, हेही कळलं!)

आता आमचे नियम साधे आहेत. आठ मुलं तर ऐंशी अंडी, प्रत्येकावर नावाचं स्टिकर. आपल्या नावाची दहा झाली की थांबायचं आणि लहानांना मदत करायची. छोट्यांची अंडी समोरच्या हिरवळीवर, दिसतील अशी. मोठ्यांची मागच्या झुडपांत. कुठे किती ठेवली, याचा कागद फ्रिजवर. कुणाला दाण्यांची अॅलर्जी आहे का, हे आयांना आधी विचारायचं. तीन वर्षांखालच्यांच्या अंड्यात घशात अडकेल असं काहीही नाही. मोठ्यांच्या अंड्यांत चित्राचा एकेक तुकडा. सगळे तुकडे जुळले की खाऊचा डबा कुठे आहे ते कळतं. एकट्याला जिंकताच येत नाही!

उकडलेली खरी अंडी आता लपवत नाही, आदल्या दिवशी मुलांबरोबर रंगवते. कांद्याच्या सालांचा विटकरी, हळदीचा पिवळा, जांभळ्या कोबीचा निळा. पाण्यात थोडं व्हिनेगर घालायचं, रंग छान चढतो. खायची असतील तर दोन तासांच्या वर बाहेर ठेवायची नाहीत.

गेल्या ईस्टरला लेकाची दहा झाली. तो त्याच मुलीजवळ गेला आणि तिच्या मागून 'गार... गार... गरम!' ओरडत फिरला. तिला शेवटचं अंडं सापडलं, तेव्हा तिच्यापेक्षा मोठ्यानं तोच ओरडला. या वेळी टाळ्या वाजवताना मला लाज वाटली नाही.

मैत्रिणींनो, हे फक्त ईस्टरचं नाही. आपण वाढदिवसाला गोळ्यांनी भरलेला मोठा फुगा फोडतो, मुलं तुटून पडतात आणि एखादं पिल्लू मोकळ्या मुठीनं मागे उभं राहतं. तेव्हा आपला कॅमेरा कुणाकडे असतो, एवढं फक्त बघा.