इंजिन नसलेली गाडी

भाचा आयटीआय झालेला मोटार मेकॅनिक. परवा म्हणाला, "मामू, मारुती ८०० मिळतेय, १५ हजारांत. फक्त इंजिन नाही. मी उभी करतो." पैसे अर्थात आपांच्या भिशीचे.

बघायला गेलो. रंग बरा, सीटा शाबूत. पायाखालचं मॅट उचललं तर जमीन दिसली! इंजिन मिळेल हो. ८०० आणि ओम्नी, दोन्हींत ७९६ सीसीचंच असायचं. पण गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडायचा म्हणजे केवढा खर्च, हे भाच्याला माझ्याहून जास्त कळतं. त्या घटकेला त्याला फक्त गाडी दिसत होती. (मलाही थोडी दिसत होती, खोटं कशाला बोलू?)

मालकांना विचारलं, मूळ इंजिन कुठं गेलं? "विकलं. कुणाच्या तरी ओम्नीत बसलंय." पावती? नाही.

इथं मी थांबलो. आरसी बुकावर चेसिसबरोबर इंजिनाचाही नंबर असतो. दुसरं बसवलं की आरटीओची मंजुरी आणि नव्या नंबराची नोंद हवी. त्यात गाडी २००६ ची, १५ वर्षं उलटलेली; नोंदणी वाढवायची तर तपासणीला न्यावी लागणार. आणि बिनपावतीचं इंजिन चोरीचं निघालं तर? तसल्या गाडीतून आपांना ईदला कुठल्या तोंडानं फिरवायचं?

भाचा बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाला, "मामू, भंगाराच्या भावात घेऊ? खोलून शिकायला?"

मालकांना निरोप दिलाय: आधी नोंदणी रद्द करून आणा, मग भाव बोलू. आपांना अजून सांगितलेलं नाही.