शाश्वत काय? कोयता!

शाश्वत विकास. काय गुळगुळीत शब्द हाय! युनोच्या ब्रुन्टलँड आयोगानं १९८७ साली त्याची व्याख्या केली. आजच्या पिढीनं आपल्या गरजा अशा भागवाव्यात की पुढच्या पिढीच्या गरजांवर गदा येऊ नये. आता या विषयात एम. ए. होता येतं. व्हा. पण त्याआधी आमच्या बीड जिल्ह्यात या.

दिवाळी सरली की आमची गावं ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. इथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. मुकादमाची उचल अंगावर घ्यायची आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जायचं. खाडा झाला की पैसे कापले. पाळीचं दुखणं म्हणजे खाडा, म्हणून पिशवीच काढून टाकायची! २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पुढची पिढी म्हणता ना? ती वाढते ती जागाच इथं कापून काढलीय.

आता हे आकडे प्रबंधात जातील. आमच्या माया नमुना होतील. एक पोरगा प्रश्नावली घेऊन कोपीवर आला. मायला म्हणला, "पर्यायी उपजीविका काय करता येईल?" माय म्हणली, "बाबा, तूच सांग. तू शिकलेला." पोरगा गप. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो दरवाजा राखणाऱ्यांवर.

माझी धाकटी बी. ए. झाली. याच विषयाला तिचा नंबर लागला. पत्र आलं : तारखेच्या आत फी भरा, शिष्यवृत्ती मागून मिळेल. मागून म्हणजे कधी? मी मॅट्रिक, गोदीत पोती वाहतो. काम असेल त्या दिवशी पैसा. शेवटी मायनं मुकादमाकडनं जादा उचल घेतली. दोस्तांनो, शाश्वत विकासाची फी कोयत्यानं भरली! ती फिटेस्तोवर माय-बाप आणखी दोन हंगाम फडात वाकणार.

हे एकट्या आमच्या घरचं रडगाणं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची पोरं संपावर गेली. मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी, चारही ठिकाणी. शिष्यवृत्तीला पात्र पोरांना वसतिगृहाची, जेवणाची फी माफ होती. ती सवलत काढून घेतली होती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना. ती भीक नाही. तो आमचा हक्क आहे. हक्क उधारीवर कसा देता?

आणि शिकवता तरी काय? माती राखा, पाणी राखा, गायरान राखा. गायरानाचा धडा आम्हाला शिकवता? एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानानं इथल्या भूमिहीनांना गायरानावर उभं केलं. आमच्या माणसांनी दगड वेचून तिथं बाजरी पिकवली, वर गावाचा मार खाल्ला. १९९१ चा शासन निर्णय आहे : १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करा. किती सातबारे आमच्या नावावर चढले, हा प्रश्न तुमच्या पेपरात घाला. पावसाची मारामार असलेल्या मुलखात ऊसाला पाणी कुणी दिलं, हाही घाला. जमिनीचा आणि पाण्याचा मालक कोण, हे न विचारणारी पदवी म्हणजे नुसता रंगीत कागद!

म्हणून मागणी साधी आहे. शिष्यवृत्ती हातात पडेपर्यंत आमच्या पोरांकडं एक पैसा मागायचा नाही. वसतिगृह आणि जेवण संस्थेनं द्यायचं. आणि आमच्यावर प्रबंध लिहिणाऱ्यानं तो आधी आमच्या वस्तीत वाचून दाखवायचा. चूक असेल तिथं माय त्याचा कान धरेल.

धाकटे, तू शीक. पेपरात व्याख्या बिनचूक लिही, मार्क सोडू नको. पण वर्गात उदाहरण विचारलं तर उठून उभी रहा आणि तुझी फी कुणी भरली, ते सांग.